मागणं नसलेलं लक्ष

पावसाळ्यात आझाद मैदानावर कांगा लीगचा सामना चालू दिसला, की मैदानाच्या मधून जाणाऱ्या वाटेवर मी थोडा वेळ थांबतो. ही स्पर्धा १९४८ पासून मुद्दाम पावसातच खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कुठे उसळेल, कुठे दबेल याचा भरवसा नसतो आणि त्यातच फलंदाजाची खरी परीक्षा होते. बघणारे फलंदाजाकडे बघतात, फार तर गोलंदाजाकडे. माझी नजर मात्र हळूहळू अंपायरवर जाऊन स्थिरावते. अंगात पांढरा कोट, चिखलानं भरलेले बूट, मुठीत सहा खडे. एक चेंडू पडला की एक खडा या हातातून त्या हातात. शेजारच्या सामन्यातला क्षेत्ररक्षक जवळजवळ त्याच्या पाठीला पाठ लावून उभा असतो, पलीकडे झेल घेतल्याचा गलका उठतो, चर्चगेटची गाडी गाठायला निघालेली माणसं छत्र्या सावरत वाटेनं जात असतात. त्याची मान हलत नाही. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या कुठे पडला ते बघायचं आणि त्याच क्षणी नजर उचलून समोरचं टोक गाठायचं. मग अपील होतं. अकरा जण ओरडत असतात, फलंदाज मान खाली घालून बॅटकडे बघत असतो, आणि हा एकटा काही क्षण अगदी स्तब्ध असतो.

सामना कुणीही जिंकला तरी त्याच्या पदरात जास्तीचं काही पडणार नसतं. तरीही सबंध मैदानात तो सामना त्याच्याइतका मन लावून कुणीच पाहत नसतं. बाद झालेला फलंदाज तंबूत जाऊन पाय पसरतो, सीमारेषेवरचा पोरगा दोन षटकं दुसऱ्याच विचारात काढतो. अंपायरला एकही चेंडू सोडता येत नाही.

अशा माणसासाठी इंग्रजीत एक नेमका शब्द आहे: डिसइंटरेस्टेड. ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही, तो. कॉलेजात हा शब्द शिकवताना आमच्या बाईंनी फळ्यावर त्याच्याशेजारी 'अनइंटरेस्टेड' लिहिला होता आणि दोहोंमध्ये खडूनं एक जाड उभी रेघ ओढली होती. अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही, ज्याला कंटाळा आलाय. या दोन अर्थांमध्ये कायमची भिंत हवी, असं त्यांना कळकळीनं वाटायचं. ती भिंत केव्हाच खचली आहे. आज इंग्रजी वर्तमानपत्रात, कादंबरीत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यात डिसइंटरेस्टेड हा शब्द सर्रास 'रस नसलेला' या अर्थानं येतो, आणि वेबस्टरच्या कोशानं दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. भाषेच्या दृष्टीनं यात आकाश कोसळण्यासारखं काही नाही. या शब्दाचा इतिहासच उलटसुलट आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन डन या कवीनं आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. त्यात हा शब्द येतो आणि कोशकार त्याचा अर्थ 'रस नसलेला' असाच लावतात. त्याच शतकात 'निःपक्षपाती' या अर्थानं चालत होता तो अनइंटरेस्टेड. पुढे दोघांनी घरं बदलली. आता त्यांतला एक पुन्हा जुन्या घराकडे निघाला आहे, इतकंच.

गोंधळाचं मूळ अर्थात 'इंटरेस्ट'मध्ये आहे. लॅटिनमध्ये त्याचा धात्वर्थ 'मध्ये असणं' असा. ज्याचं काही त्यात अडकलंय, तो 'मध्ये' आहे. मग अडकलेल्या पैशाचं व्याज हाही इंटरेस्ट, जमिनीतला हक्कही इंटरेस्ट, आणि खूप नंतर, कुतूहल आणि आवड हेही इंटरेस्टच. मराठीत आपण व्याज, हितसंबंध आणि रस असे तीन वेगळे शब्द वापरतो, पण इंग्रजी शब्द उचलला तो तिन्ही अर्थांसकट. 'पोराला अभ्यासात इंटरेस्ट नाही' असंही म्हणतो आणि आवाज खाली आणून, 'त्याचा यात काय इंटरेस्ट?' असंही विचारतो. हा दुसरा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो आजोळी, कऱ्हाडजवळच्या एका गावात. दोघा मामांची वाटणी चालली होती तेव्हा.

वाटणी करायला गावातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांची स्वतःची जमीन नदीपलीकडे, आमच्या घराण्याशी नातं नाही, कुणाचं देणं नाही, घेणं नाही. मोठ्या वस्तू पटकन मिटल्या. गोठा एकाकडे आणि माडी दुसऱ्याकडे, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाराप्रमाणे. खरा वेळ गेला तो भांड्यांना. गुरुजींनी हंडे, घागरी, परातींचे दोन ढीग अंगणात मांडले आणि मग प्रत्येक घागर स्वतः उचलून तिच्यात पाणी ओतलं. ती ओट्यावर ठेवायची, बुडाखाली हात फिरवायचा, कोरडा आला तरच तिला घागर म्हणून मोजायचं. एक घागर किंचित पाझरत होती. ती त्यांनी बाजूला काढली आणि म्हणाले, "ही नुसतं तांबं म्हणून धरा, वजनावर." आजीला जवळ बोलावून विचारलं, "काकू, यातलं तुमच्या माहेरचं कुठलं?" आजीनं एका लहान तपेलीकडे बोट दाखवलं. ती त्यांनी कुठल्याच ढिगात ठेवली नाही. आजीच्या हातात दिली.

दुपारी ते रानात गेले. बांधावर आंब्याचं मोठं झाड होतं आणि झाड कुणाचं यावर वाद होता. गुरुजींना झाडाइतकीच त्याच्या सावलीची काळजी. सावलीत ज्वारी धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी सावली कुठवर येते ते त्यांनी काठी रोवून पाहिलं आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर पुन्हा एकदा, नदी ओलांडून, चालत आले. सावली एका वाट्यावर लांब पसरलेली होती. तेवढ्या पट्ट्याची भरपाई म्हणून त्यांनी दुसऱ्या वाट्यातली वावभर जमीन इकडे सरकवली. मग चिठ्ठ्या टाकल्या, शेजारच्या एका लहान मुलीनं त्या उचलल्या आणि वाटणी झाली.

त्याच संध्याकाळी ओसरीवर धाकट्या मामांचे मेहुणे हळूच म्हणाले, "एवढं दोन-दोनदा चालत यायला गुरुजींचा यात इंटरेस्ट काय?" कुणी म्हणालं, रस्त्यालगतच्या तुकड्यावर डोळा असेल. कुणी म्हणालं, पोराला सोसायटीच्या निवडणुकीत उभं करायचं असेल. तसं काहीही पुढे घडलं नाही. तो प्रश्न विचारणारे वाईट नव्हते. त्यांना फक्त एवढंच समजत नव्हतं की ज्याला काही मिळवायचं नाही, तो सावली मोजायला दुसऱ्यांदा कशाला येईल. डिसइंटरेस्टेडचा अर्थ कंटाळलेला असा झाला, तो मला वाटतं अशाच कुठल्या तरी ओसरीवर झाला असावा. ज्याचं काही अडकलेलं नाही त्याचं लक्षही नसणार, हे आपण इतकं गृहीत धरतो की दोन शब्द एकमेकांत मिसळताना कानाला खटकतही नाहीत.

आणि हे फक्त इंग्रजीतच झालं असं नाही. आपल्याकडे हाच प्रवास 'उदासीन' या शब्दानं केला आहे. मूळ अर्थ वेगळा बसलेला, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या राजमंडलात उदासीन नावाचा एक राजा आहे. तो भांडणाच्या बाहेरचा आहे, आणि सर्वांत बलवानही आहे. कुणालाही मदत करण्याची किंवा आवरण्याची ताकद त्याच्यात आहे, म्हणूनच बाकीच्यांना त्याचा विचार करावा लागतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताना सोळाव्या श्लोकात दक्ष आणि उदासीन हे शब्द लागोपाठ येतात. मला ही शेजारशेजारची जागा फार मोलाची वाटते. दक्ष म्हणजे सावध, कामात तरबेज, आणि त्याला खेटूनच उदासीन. लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगती दिसलेली नाही. आज मात्र आपण वाचतो, 'रस्त्यांच्या दुरवस्थेबाबत प्रशासन उदासीन'. शेजारचा दक्ष कुठे तरी गळून पडला. त्याच शब्दाला 'उदास'ची छटाही चिकटली आणि बाजूला बसलेला माणूस आपल्याला खिन्न, निरुत्साही दिसू लागला.

इंग्लंडच्या न्यायालयांनी मात्र डिसइंटरेस्टेड हा शब्द फार निगुतीनं सांभाळला आहे. त्यातलं एक प्रकरण मला नेहमी आठवतं. ग्रँड जंक्शन कॅनॉल कंपनी आणि डाइम्स नावाचा एक वकील यांच्यात कालव्याखालच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं खटला चालला. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. पुढे लक्षात आलं की त्यांच्याकडे त्याच कंपनीचे हजारो पौंडांचे समभाग आहेत. १८५२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं तो निकाल रद्द केला. त्या वेळी कॉटनहॅम हयातही नव्हते. रद्द करणाऱ्या न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं होतं, की समभागांचा त्यांच्या मनावर तिळमात्र परिणाम झाला असेल असं कुणालाही वाटत नाही. तरीही निकाल टिकू दिला नाही, कारण स्वतःचं काही अडकलं असताना न्याय करू नये हा नियम मोठ्यात मोठ्या माणसालाही लागू आहे, हे लोकांना दिसायला हवं होतं. एका प्रामाणिक माणसाचा बरोबर निकाल केवळ त्याच्या खिशातल्या कागदांमुळे बाद होतो, हे कठोर आहे खरं. पण ज्याच्याविरुद्ध निकाल गेला त्याच्या जागी उभं राहून पाहिलं की त्या कठोरपणाचं कारण कळतं.

याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला विव्हियन बोस आहेत, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते ते, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५३ सालच्या एका खून खटल्यात साक्षीदार मृताच्या जवळच्या नात्यातल्या होत्या, म्हणून त्यांच्या साक्षीवर विसंबू नये असा मुद्दा होता. बोस यांनी तो मान्य केला नाही. जवळचा नातलग खऱ्या गुन्हेगाराला सोडून देऊन निरपराध माणसाला अडकवेल हे सहसा घडत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. माणूस जवळचा आहे एवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाही, उलट ज्याचं माणूस गेलं त्याला खरा कोण हे कळण्याची आच सर्वांत जास्त असते. हा निकाल वाचला की हितसंबंध आणि जिव्हाळा यांच्यात फरक करावा लागतो. भारतीय न्यायालयं 'इंटरेस्टेड' साक्षीदार आणि नात्यातला साक्षीदार हे वेगळे मानतात, ते यामुळेच. जिव्हाळ्यानं डोळे मिटतात तसे कधी कधी उघडतातही.

क्रिकेटच्या अंपायरांबद्दल जगानं उलट अंदाज बांधला. यजमान देशाचाच अंपायर असायचा आणि पाहुणे संघ कुरकुरत घरी जायचे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीत दोन्ही बाजूंना त्रयस्थ अंपायर उभे राहिले, ते भारतीय होते. व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. इम्रान खाननं हा आग्रह धरला होता. पाकिस्तानच्या भूमीवर, पाकिस्तानच्या सामन्यात, दोन भारतीयांचा शब्द अखेरचा, आणि तोही पाकिस्तानच्या कर्णधाराच्या इच्छेनं. सीमेच्या दोन्ही बाजूंना हे आठवणारी माणसं अजून आहेत याचा मला आनंद वाटतो. पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही अंपायर तिसऱ्या देशाचे असावेत असा नियम झाला. २००८ नंतर चेंडूचा मार्ग रेखणारी यंत्रं अंपायरच्या मदतीला आली. यंत्राला कुठलाच देश नाही. त्याला सामनाही नाही. ते खऱ्या अर्थानं दोन्ही आहे, हितसंबंध नसलेलं आणि रसही नसलेलं. त्याच्यामुळे चुका घटल्या हे चांगलंच झालं. पण चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाईल असं दिसलं की तेच यंत्र मागे सरतं आणि पडद्यावर अक्षरं येतात, 'अंपायर्स कॉल'. शंकेच्या त्या चिंचोळ्या जागेत अजून माणसाचंच लक्ष ग्राह्य धरलं जातं.

सौंदर्याच्या विचारात तर डिसइंटरेस्टेड या शब्दाला फार वरचं स्थान मिळालं. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९० साली म्हटलं, सुंदर वस्तू पाहून होणारा आनंद हितसंबंधाविना असतो. त्यानं उदाहरण राजवाड्याचं दिलं आहे. वाडा सुंदर आहे का, असं विचारलं तर कुणी म्हणेल हा गरिबांच्या घामावर उभा आहे, कुणी म्हणेल मला असा नकोच, आणि त्यानं एका इरोक्वाय सरदाराचंही नाव घेतलं आहे, ज्याला पॅरिसमध्ये खाणावळींइतकं काहीच आवडलं नव्हतं. कांट म्हणतो, ही सगळी उत्तरं योग्य असतील, पण विचारलेल्या प्रश्नाची नाहीत. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) ही चर्चा मराठीत वाचताना मला एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली. वस्तूकडून काही मिळवायचं सोडलं की ती वस्तू दिसू लागते. रसिक अलिप्त असतो तो जवळ जाण्यासाठी. मैफलीत पुढच्या रांगेत बसून समेची वाट पाहणारा म्हातारा गायकाचा कुणी नसतो, त्याला गाणं घरी न्यायचं नसतं, आणि तो श्वास रोखून बसलेला असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त ओढ आहे ती इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिटच्या एका जवळपास विसरल्या गेलेल्या पुस्तकाची. १८०५ साली, सत्ताविशीत, त्यानं माणसाच्या मनाचा 'नैसर्गिक डिसइंटरेस्टेडनेस' सिद्ध करायला घेतला. पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. त्याचं स्वतःचं मात्र त्यावर शेवटपर्यंत प्रेम होतं. युक्तिवाद असा: कालचा मी मला स्मृतीनं जोडलेला आहे, आत्ताचा मी संवेदनेनं. पण उद्याचा मी? तो अजून झालेलाच नाही. त्याचं दुखणं मला आज दुखत नाही. एकदा भाजलेलं मूल पुन्हा विस्तवाला हात लावत नाही, ते कशाच्या बळावर? अजून न झालेल्या भाजण्याची ते कल्पना करतं म्हणून. म्हणजे स्वतःच्या उद्याची काळजीही माणूस कल्पनेनंच करतो, आणि ज्या कल्पनेनं मी माझ्या उद्याच्या देहात शिरतो त्याच कल्पनेनं तुमच्या आजच्या देहातही शिरू शकतो. स्वार्थ हा मनाचा पाया नाही, ती पुढे पडलेली सवय आहे.

हे सगळं पटतं असं मी म्हणणार नाही. उद्याचा दात दुखेल तो माझाच, शेजाऱ्याचा नव्हे, ही गोष्ट तर्कानं हलत नाही. तरी गुरुजींचा विचार करताना हॅझलिट मला इतर कुणाहीपेक्षा जवळचा वाटतो. संध्याकाळी नदी ओलांडून पुन्हा आलेल्या त्या माणसानं पुढच्या वर्षीची न उगवलेली ज्वारी पाहिली असणार, तीही दुसऱ्याच्या रानातली. पाझरणाऱ्या घागरीत त्यांनी दोन वर्षांनंतरची भांडणं पाहिली असणार. त्यात त्याग होता असं मला वाटत नाही, त्यांना तसं कुणी म्हटलं असतं तर अवघडल्यासारखं झालं असतं. त्यांना ते दिसत होतं आणि दिसल्यावर तसंच सोडून जाणं जमलं नसतं, एवढंच असावं. पण मग ही नजर जर सगळ्यांनाच जन्मतः असेल, विस्तवापासून हात मागे घेणाऱ्या प्रत्येक मुलाला असेल, तर ती पुढे बहुतेकांच्या बाबतीत आपल्या बांधापाशी येऊन का थांबते, आणि एखाद्याच्या बाबतीत न थांबता नदीपलीकडे कशी जाते, हे मला अजून हॅझलिटकडून काढून घेता आलेलं नाही.